न उघडलेला रिपोर्ट

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मी माझ्या मोठ्या बहिणीला मेसेज केला होता, "रिपोर्ट बघितला. मागच्यासारखाच आहे." मी तो बघितला नव्हता.

ताई फ्रान्समध्ये, तुलूझला असते. मी अमेरिकेत, ॲन आर्बरला. माझं काम इथल्या एका हॉस्पिटलच्या आयटीमध्ये. पेशंटना आपापले रिपोर्ट ज्या वेबसाइटवर दिसतात, ती नीट चालते की नाही ते आमची टीम बघते. मी सॉफ्टवेअरचा माणूस आहे, रक्तातलं मला काही कळत नाही, हे मी घरात कितीदा सांगितलं असेल. पण हॉस्पिटलात नोकरी म्हणजे अर्धा डॉक्टरच, असा आमच्या घरातला हिशोब. नाशिकच्या मावशीपासून सगळ्यांचे रिपोर्ट माझ्याकडे यायचे आणि मलाही ते आवडायचं, हे आता कबूल करतो.

ताईचं प्रकरण थोडं वेगळं होतं. तिकडे लॅब रिपोर्ट थेट पेशंटच्या खात्यावर टाकते, अर्थात फ्रेंचमध्ये. मेहुण्यांना फ्रेंच उत्तम येतं, पण त्यांना दाखवायची सोय नव्हती. एखादा आकडा जरा इकडेतिकडे दिसला की ते घरातलं मीठ बंद करायचे. म्हणून ताईने पासवर्ड मला देऊन टाकला. स्वतः ती खातं उघडायचीच नाही. एकदा उघडलं होतं, तेव्हा साखर १.१० दिसली. एवढी उतरली म्हणून घाबरून तिने दोन लाडू खाल्ले आणि मग मला फोन केला. तिकडे साखर एका लिटरला किती ग्रॅम अशी मोजतात. आपल्या हिशोबाने ती एकशे दहा होती. तेव्हापासून मी तिला रकाने समजावून सांगायचो. पहिल्या रकान्यात आजचा आकडा, मग नॉर्मल किती ते, शेवटी मागच्या वेळचा. किडनीचं क्रिएटिनीन असेल तर दहाने भागायचं, म्हणजे भारतातल्या रिपोर्टसारखं होतं. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "काय डॉक्टरसाहेब, पास की नापास?"

त्या वर्षी तिचे नेहमीचे डॉक्टर रिटायर झाले होते आणि दुसरे कुणी डॉक्टर नवे पेशंट घेत नव्हते. बदलीवर आलेल्या एका डॉक्टरने रक्त तपासायला लिहून दिलं, नंतरची अपॉइंटमेंट दिली. ती नेमकी ताई नाशिकला जायच्या आदल्या आठवड्यात. गुडघा दुखत होता म्हणून ताई कित्येक महिने रोज दुखण्यावरच्या गोळ्या घेत होती. हे मला माहीत होतं. तिने लिहिलं, "रिपोर्ट आलाय, बघ ना. ठीक असेल तर अपॉइंटमेंट कॅन्सल करते, खूप कामं पडलीत."

मेसेज आला तेव्हा मी लेकीच्या स्विमिंगच्या स्पर्धेला बसलो होतो. घरी जाऊन बघू म्हटलं. घरी गेल्यावर विसरलो. दुसऱ्या दिवशी आठवलं ते मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, नुसतं प्रश्नचिन्ह टाकून. तीन दिवस साधं उघडूनही बघितलं नाही हे लिहायची मला लाज वाटली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडत होतो, हातमोजा दातात धरून मी ते उत्तर टाइप केलं. गेली पाच वर्षं सगळं मागच्यासारखंच येत होतं, तेव्हा आताही तसंच असणार. संध्याकाळी नक्की बघू, असं मनात होतं. लगेच तिचा हात जोडलेला इमोजी आला आणि खाली, "सुटले. कॅन्सल केली."

संध्याकाळी मी बघितलं नाही.

अडीच महिने ती नाशिकला राहिली. गोळ्या चालूच होत्या. गुडघ्याला तेवढाच आराम. परतली तेव्हा पाय सुजलेले होते, चपला होईनात. हॉस्पिटलात दाखल केल्यावर तिथल्या डॉक्टर बाईंनी तिच्यासमोरच जुनं रेकॉर्ड उघडलं. नोव्हेंबरमध्येच क्रिएटिनीन नवावरून सोळावर गेलं होतं. तेव्हाच गोळ्या थांबल्या असत्या तर पुष्कळ वाचलं असतं, असं त्या म्हणाल्या. हे सगळं ताईनेच मला फोनवर सांगितलं. आणि वर तीच म्हणाली, "अरे, तू काही खरा डॉक्टर नाहीस. एखादी ओळ सुटते वाचताना. मनाला लावून घेऊ नकोस."

मागून मेहुण्यांनी फोन घेतला. ते म्हणाले, "तुमच्यावर टाकायलाच नको होतं. मी घरात असताना तिला लपवावं लागलं, ही चूक माझी."

मी त्यांना अडवलं नाही.

फोन ठेवला आणि मी तिचं खातं उघडलं. नोव्हेंबरच्या रिपोर्टसमोर निळा ठिपका होता. न वाचलेल्या फाइलीपुढे तो असतो. मी क्लिक केलं. सोळाचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता, शेजारी बाण. आंधळ्यालाही दिसला असता. मागे आलो तेव्हा ठिपका गेलेला होता. अशा प्रत्येक क्लिकची कुठेतरी तारीख-वेळेसकट नोंद राहते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आमच्याकडे ती नोंद मागितली तर मीच काढून देतो. पण ताई अशी नोंद मागायला जाणार नव्हती. मला त्या क्षणी हायसं वाटलं. जे केलं त्यापेक्षा हे हायसं वाटणं मला जास्त छळतं.

आता तिच्या किडन्या एक तृतीयांशच काम करतात. डायलिसिस अजून नाही, पण डॉक्टर त्याबद्दल बोलायला लागलेत. डाळ मोजून, टोमॅटो जवळजवळ बंद. नाशिकला जायचं म्हटलं तर आधी तीन परवानग्या. दर सहा आठवड्यांनी रिपोर्ट येतो आणि ती अजूनही तो आधी मलाच बघायला सांगते. मेहुणे म्हणाले, आता मी बघत जातो, तर म्हणाली, "नको, त्याला वाटेल आपला विश्वास उडाला."

मी आता लगेच बघतो, प्रत्येक ओळ, दोनदा. चालू मीटिंगमधून उठतो. टीममधल्या एका मुलीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, बहिणीची तब्येत. ती म्हणाली, "किती करता तुम्ही त्यांच्यासाठी, यार." मी लॅपटॉप मिटला.

मागच्या महिन्यात ताई इथे आली होती. दोन आठवडे माझ्या घरात, समोरच्या खुर्चीत. एकदा आम्ही दोघंच नदीकाठी फिरायला गेलो. ती हळू चालते आता. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "तू वाचतोस म्हणून मला झोप लागते." मग मी तिला थंडी वाजतेय का, एवढंच विचारलं.

तिने मला माफ केलंय ते वाचण्यात चूक झाली म्हणून. मी तर वाचलंच नव्हतं, आणि नंतर त्याची खूणही पुसली. हे दोन्ही मी तिला माझ्या तोंडाने, मेहुण्यांसमोर सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.