पायऱ्यांच्या विहिरीतला नारू

नारूचं नाव काढलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. मेडशीजवळच्या आमच्या वस्तीत पेरणीच्या दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या पायाला फोड यायचा. तो फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढावा लागे. घाईत तुटला की गेलाच पाय. माझ्या थोरल्या भावाचा तुटला आणि त्याचा घोटा कायमचा आखडला.

पायाची आग सोसेना की आमची माणसं पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाय पाण्यात सोडून बसायची. भाकरसुद्धा तिथंच खायची. तेच पाणी वस्ती प्यायची. गावात रहाटाची विहीर होती, पण ती आमच्यासाठी नव्हती. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आरोग्य खात्याचा माणूस सांगून गेला, की पाय बुडवला की किडा पाण्यात पिलावळ सोडतो, ती आपल्या पोटात जाते आणि वर्षभरानं पायातून निघते. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. आईनं नाही.

"माह्या एका लेकराचा पाय गेला. पोरीचा नाही जाऊ द्याची," ती म्हणाली.

दुहेरी लुगड्यातून गाळल्याशिवाय ती आम्हाला घोटभर पाणी देईना. मजुरी बुडवून बादली-दोर घेऊन वरच्या पायरीवर बसू लागली. "पाणी मी काढून देतो. खाली कोणी उतराचं नाही."

मग एक दिवस पायाला फोड आलेला आमचा आजाच लंगडत आला. आई त्याला आडवी आली.

"मामाजी, पाय वरतीच ठेवा. मी पाणी ओततो."

"सून मले विहिरीवरून हाकलून राह्यली!" आजा ओरडला.

वस्ती गोळा झाली. आई जागची हलली नाही. शेवटी आजा लांबच्या दगडावर बसला आणि आईनं त्याच्या पायावर बादल्या ओतल्या. त्या दिवसापासून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. काही हवं असलं तर मला सांगायचा.

पुढच्या पेरणीला आई रोज माझी पावलं मांडीवर घेऊन चाचपायची. आजा लांबून बघायचा. वस्तीत काहींना फोड आले. मला आला नाही. पेरणी उरकली, निंदण लागलं, तरी आला नाही.

एका सकाळी आई बादली घेऊन निघाली, तेव्हा आजा उठला.

"पोरीचे पाय पाह्यले काय?" त्यानं थेट तिलाच विचारलं.

"पाह्यले, मामाजी. साफ हायेत."

आजानं तिच्या हातातली बादली घेतली.

"मंग तू वावरात जाय. विहिरीवर मी बसतो."