लोटनभाऊंचं रावसाचं रीळ

लोटनभाऊ गेल्याचा निरोप मला पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मिळाला, तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. तापानं गेले, लिंबायतच्या खोलीत, एकटेच. त्यांना भेटून मला तीन महिने झाले होते… येतो येतो म्हणत राहिलो.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आम्ही एकाच लूम कारखान्यात होतो. ते धुळ्याकडचे, फिटर. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेली. बायको गावी. सुट्टीला बाकीचे सिनेमाला जायचे, हे रावस धरायला डुमसच्या खाडीवर. एकदा मला सोबत नेलं आणि मग नेतच राहिले. गळाच्या दोऱ्याचं रीळ घ्यायला आम्ही रविवारच्या जुन्या बाजारात गेलो होतो. चकचकीत नवं रीळ त्यांनी बाजूला सारलं. म्हणाले, "रावस एकदम पळतो. दोरा भरपूर मावला पाहिजे, आणि ब्रेक झटका न देता सुटला पाहिजे." मग एकेक जुनं रीळ गालाच्या हाडाला टेकवून, डोळे मिटून त्याची मूठ फिरवत बसले. दुकानदार ओरडत होता, "काका, आवाज तो सुनो!" त्यांनी मानही वळवली नाही. मला वाटलं, कारागिराचा तोरा.

खाडीवरून परतलं की रीळ आधी गोड्या पाण्यानं धुवायचे, खोलून मिठाचा कण न् कण पुसायचे, मागाच्या तेलाचा एकच थेंब द्यायचे आणि ब्रेक सैल करून ठेवायचे. सगळं न बोलता. मी काही विचारलं तर नुसते हसायचे.

एकदा भरतीच्या वेळी गळाची काठी दगडांत रोवून ते डबा उघडायला वळले. मागे रीळ करकर वाजत सुटलं. मी ओरडलो. ते भाकरी मोडत राहिले. धावत जाऊन खांदा हलवला, तोवर दोरा तुटला होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला काय कळलं ते त्यांना कळलं.

"घरी सांगू नको, भाऊ," ते म्हणाले. "कारखान्यातही नको. बहिऱ्या फिटरला कोण ठेवील?"

त्यानंतर मी समोर बसून, ओठ दिसतील असा सावकाश बोलू लागलो, आणि हा गप्प माणूस किती बोलका आहे ते समजलं. गावाबद्दल, वहिनींबद्दल तासन् तास बोलायचे. मग मला पांडेसऱ्याला काम लागलं…

वहिनी सामान न्यायला लिंबायतच्या खोलीवर आल्या, तेव्हा मीही गेलो. रीळ उचलून पाहिलं, ठेवून दिलं. म्हणाल्या, "गावी आले तरी बोलत नव्हते. हाक मारली तरी बघत नव्हते. इतकी वर्षं माले वाटे, माझ्यावर राग आहे."

मी शब्द दिला होता. तरी सांगितलं, की त्यांना ऐकू येत नव्हतं, समोरून बोललं की ओठांवरून कळायचं.

त्यांनी ठेवलेलं रीळ पुन्हा उचलून हातात घेतलं.

"एवढंच होतं?" म्हणाल्या. "मग मी समोर येऊन बोलले असते ना…"