कडूबाईंची हाळी

नवा बोर्ड टेबलावर आला की कडूबाई मॅडम वीज जोडायच्या आणि मोठ्यानं विचारायच्या, "कोण हाय रे तू?" पडद्यावर पहिली ओळ उमटेपर्यंत चहाला हात लावायच्या नाहीत. माझ्या पहिल्याच दिवशी पाठीमागून हा प्रश्न आला आणि मी वळून नाव, गाव, शिक्षण सगळं सांगून टाकलं.

"तुला नाय, चिपला," त्या म्हणाल्या.

आमच्या कारखान्यात शेतातले पंप आपोआप चालू-बंद करणारे कंट्रोलर बनतात. त्यांच्या फ्लॅश चिपमध्ये, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपमध्ये, प्रोग्राम असतो आणि शेतकऱ्यानं लावलेल्या वेळाही. चिपशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कडूबाईंनी लिहिलेला. सुरू होताच तो चिपला ओळख विचारी. उत्तर अनोळखी आलं की 'ओळख पटली नाही' असा मेसेज टाकून तिथंच थांबे.

"आमचा बाप सोयगावाकडं मेंढरं राखायचा," त्या सांगत. "कळपात परकं मेंढरू घुसलं तर आपलं म्हणून हाकायचं नाय, हुसकायचंबी नाय. हाळी द्यायची, कुणाचं हाय वो? ड्रायव्हरनं तेवढंच करायचं."

'कडूबाई' या नावाला कुणी हसलं तर म्हणत, "दृष्ट लागू नये म्हणून ठेवलंय. तुमच्यासारखे हायेत तवर बदलत नसते."

एकदा स्वस्त पडल्या म्हणून मालकांनी दुसऱ्याच चिपा आणल्या. झाडून सगळे बोर्ड हाळी द्यायला लागले, आणि दुपारी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं.

"मॅडम, तो मेसेज काढा," मालक म्हणाले. "इज्जत का सवाल है."

"चिपची माहिती मागवा. वाचते, ड्रायव्हरला वळख शिकवते. तवर मेसेज ऱ्हाईल."

"मग नोकरी राहणार नाही."

"नोकरी तुमची हाय, घ्या माघारी. खोटं मी लिहिणार नाय."

मालकांची नजर माझ्याकडे वळली. कौतुकाला मी जन्माचा हपापलेला. मेसेज उडवला आणि अनोळखी चिपला जुनीच समजावं अशी सोय करून टाकली. बोर्ड गुमान सुरू झाला. मी पेढेसुद्धा वाटले! कडूबाईंनी त्यांचा पेढा माझ्याच टेबलावर ठेवला. "ठिव. तुलाच लागंल."

पैठणकडचे बागायतदार आले. त्यांनी वेळा लावल्या, पंपाच्या जागी जोडलेला दिवा लागला, विझला. वाहवा झाली. तेवढ्यात कडूबाई म्हणाल्या, "आता लाइट घालवून बघा की. तुमच्याकडं जातीच."

मालकांनी डोळे वटारले. कुणी हलेना. कडूबाईंनी स्वतःच बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं.

पडदा काळाठिक्कर. नव्या चिपमध्ये जुनीच्या निम्मीच जागा होती. चिपच्या शेवटी लिहायच्या वेळा जागा न पुरल्यानं फिरून सुरुवातीच्या प्रोग्रामवरच जाऊन बसल्या होत्या, आणि बोर्ड सुरू होताना तोच वाचतो.

"मशीननं आधी सांगायला नको व्हतं?" एक बागायतदार म्हणाले.

"सांगत व्हतं," कडूबाई म्हणाल्या. "आम्ही तोंड दाबलं."

मालकांना बोर्ड मेल्यापेक्षा तो चारचौघांत मेल्याचा राग आला. कडूबाईंची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. डबा पिशवीत टाकून, स्कूटी गारखेड्याकडे वळवताना त्या एवढंच म्हणाल्या, "पेढा खा रे. वाया नको घालू."

मेसेज मी परत घातला. परवा पुन्हा नव्या चिपा आल्या, पुन्हा हाळी सुरू झाली. मालक माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "बंद कर ते."

"नाय करत," मी म्हणालो, आणि वरच्या खिशावर हात ठेवला. "राजीनामा तयार आहे, साहेब."

मालकांनी त्या खिशाकडे बघितलं आणि चिपची माहिती मागवायला गेले. खिशात फक्त बसचा पास होता.