वहिनींनी आणलेलं दुसरं कुत्रं

बातमी आली तेव्हा मी चाकणला, कंपनीत लाइनवर उभा होतो. बायकोचा फोन होता. "वहिनी गेल्या." मी म्हणालो, "शिफ्ट संपली की येतो." दोन तास उरले होते आणि सुपरवायझरनं मला अडवलं नसतं. तरी मी रोजच्या बसनंच आकुर्डीला घरी आलो. थोरल्या भावाच्या बायकोसाठी मला त्या दिवशी तेवढंच वाटलं... हे लिहायला दीड महिना लागला.

आमचं पटत नव्हतं. दादा गेल्यावर वहिनी खाली एकट्या राहायच्या, आम्ही वर. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी जिना धुतला तरी त्यांना कोपरा राहिलेला दिसायचा आणि त्यांच्या खोकल्याचाही मला राग यायचा. माझा कुत्रा टायगर दुपारी त्यांच्या दारात जाऊन झोपायचा, तेही मला खपायचं नाही. म्हणून त्या जेव्हा शेल्टरमधून दहा वर्षांचं कुत्रं आणायला निघाल्या, तेव्हा ते मला डिवचण्यासाठीच आहे असं मी धरून चाललो.

"घरात एक आहे ना," मी म्हणालो.

"ते तुमचं हाय."

"मग पिल्लू तरी आणा. हे म्हातारं किती दिवसांचं?"

"पिल्लू मला पुरून उरंल, भाऊजी. ह्याचं नि माझं संगंच आटपंल."

ब्रूनो काळा होता, एक कान फाटलेला, मागचे पाय आखडलेले. त्याला सोडायला शेल्टरमधली एक मुलगी आली. वहिनी आत तिच्यासाठी चहा टाकत होत्या. जिन्याशी उभं राहून ती मला म्हणाली, "काका, पंधरा दिवस दोघांना वेगवेगळ्या खोलीत खायला द्या. आणि आधी टायगरला, मग ह्याला. जुन्याचा मान राहिला नाही तर भांडणं होतात. आजींना नीट सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. आमच्या घरात पाहुण्याचं ताट वाढल्याशिवाय घरचं माणूस जेवायला बसत नाही. दादा तर पाहुणा हात धुवेपर्यंत थांबायचा. वहिनी कुत्र्यालाही तोच नियम लावणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला फक्त एवढंच हवं होतं की आठ दिवसांनी त्यांनी वर यावं आणि म्हणावं, भाऊजी, तुमचंच खरं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पडवीत दूधभाकरी कुस्करून ब्रूनोपुढे ठेवली आणि टायगरला म्हणाल्या, "थांब की जरा. तू घरचा हायेस." मी जिन्यावर होतो. टायगरच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसले. तेव्हाही एक हाक पुरली असती... टायगर झेपावला, ब्रूनोला उठता येईना, आणि वहिनींनी मधे हात घातला. मनगटापर्यंत फाटला. टाके पडले, इंजेक्शनं झाली. रिक्षात त्यांच्या हाताला फडकं गुंडाळताना मी म्हणालो, "मी सांगितलं होतं." दुसऱ्या दिवशी ब्रूनोला मीच गाडीत घालून परत सोडून आलो. त्याला निरोप द्यायला वहिनी दारात आल्या नाहीत.

पुढे वर्षभर, जो येईल त्याला त्या हाताचा व्रण दाखवायच्या. "माझंच चुकलं. जनावराला घर दावलं नि परत धाडलं." मी समोर बसून चहा पीत असायचो.

दहाव्याला घाटावर पाव्हणे म्हणाले, "धाकट्यानं लई केलं राव वहिनीचं." दोन दिवसांनी मी शेल्टरला गेलो. तीच मुलगी होती. वहिनी गेल्याचं सांगितल्यावर ती खाली बसली. वहिनी दर रविवारी दोन बस बदलून तिथं यायच्या, हे मला तेव्हा कळलं. घरी देवळात जाते म्हणून सांगायच्या.

"आधी बाकीच्या कुत्र्यांना भाकरी द्यायच्या, ब्रूनोला शेवटी," ती म्हणाली. "पहिल्यांदा आल्या तेव्हा मी विचारलं होतं, आजी, काकांनी सांगितलं नव्हतं का? त्या ब्रूनोचा फाटका कान कुरवाळत राहिल्या. मग म्हणाल्या, सांगितलं असंल, मीच इसरले."

म्हणजे वर्षभर त्यांना माहीत होतं. माहीत असून त्या माझ्याकडे बघत 'माझंच चुकलं' म्हणायच्या आणि मग थांबायच्या. त्या थांबण्यात माझं एक वाक्य बसलं असतं. याला कुणी त्यांचा मोठेपणा म्हणू नये. त्यांनी मला माफ केलं नव्हतं. त्या वाट बघत होत्या, आणि मी बशीत चहा ओतत होतो.

ब्रूनोला मी घरी आणलं. तो वहिनींच्या खोलीत असतो. वर टायगरचं खाणं उरकलं की मी त्याचं भांडं घेऊन खाली जातो. मी उभा असेपर्यंत तो तोंड लावत नाही, भिंतीकडे बघत राहतो. मग मी बाहेर येतो, दार लोटतो आणि पायरीवर बसून राहतो... आतून भांडं फरशीवर सरकल्याचा आवाज येईपर्यंत.