हळदीचा कवडसा

आमच्या हळदीच्या गिरणीत सकाळी झरोक्यातून कवडसा यायचा तो सोन्याच्या दांड्यासारखा. हवेत तरंगणारी हळद त्यात चमकायची आणि मी काम सोडून बघत राहायची. वर तुळयांवर बोटभर थर साचलेला. झाडलोट करणाऱ्या हौसामावशी त्यातलीच चिमूट कपाळाला लावायच्या. तुळया पुसायला सांगितलं तर म्हणायच्या, "हळद कुणी पुसतं का, ताई?"

मग एकदा मोटारीजवळ ठिणगी उडाली आणि हवेतली हळदच भप्पकन पेटली. मावशींच्या पदराची कड तेवढी जळली. तुळयांवरची हळद खाली आली असती तर गिरणीच उडाली असती, असं तपासणीला आलेले साहेब म्हणाले. इतकी वर्षं मी ज्याकडे कौतुकाने बघत होते, ते सोनं नव्हतं, दारूगोळा होता.

आता धूळ ओढून घेणारं यंत्र बसलंय. तुळया रोज ओल्या फडक्याने पुसल्या जातात, आणि पुसतात त्या मावशीच. आज ऊन आलं ते थेट फरशीवर उमटलं. मधल्या हवेत काहीच नव्हतं. ती रिकामी हवा मी डोळे भरून पाहिली.

मावशी फडकं पिळत समोर आल्या. कपाळावर हळद होतीच. माझी नजर ओळखून म्हणाल्या, "घरनं लावून आलेय."