व्हॅनमधलं बातमीपत्र

पेपर महिन्याकाठी रद्दीत जातो, मोबाइल भरला की व्हिडिओ डिलीट होतात. पण त्या बातम्यांवर आमच्या व्हॅनमध्ये जे बोललं गेलंय ना, ते काही डोक्यातून डिलीट होत नाही. एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागून दुसरा धावत येतो आणि म्हणतो, मला आधी सांग!

व्हॅन म्हणजे आमचं तुमसर ते भंडारा रोजचं अपडाऊन. मी बँकेत. खोब्रागडे काका कॉलेजात हेडक्लार्क, रिटायरमेंटला आलेले, छातीत एक स्टेंट. रजनीताई शाळेत शिकवतात. आणि गाडी चालवणारे धनराजभाऊ, गाडीही त्यांचीच. नियम एकच. वाटेतलं मोहाडी गाव यायच्या आत प्रत्येकाने एक ताजी बातमी नाहीतर इंटरनेटवरची भन्नाट गोष्ट सांगायची. खोटी निघाली, तर सगळ्यांना आलुबोंडे!

*

एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात!"

काकांचा हात आपोआप छातीवर गेला. "तीन? मंग त्याले अँजिओप्लास्टी किती वेळा करा लागत असन वो मॅडम!"

रजनीताई म्हणाल्या, "काका, त्याले आठ हात आहेत. घरीच करून घेत असन!"

*

रजनीताईंची बातमी त्याहून भारी. परदेशात एका माणसाने चक्क कॉम्प्युटरमधल्या बाईशी लग्न केलं. बाई दिसते, बोलते, गुड मॉर्निंग म्हणते, पण हात लावायला जावं तर नुसती हवा!

आम्ही तिघं तुटून पडलो. भांडण झालं तर? स्विच ऑफ! माहेरी गेली तर? चार्जर लपवायचा! धनराजभाऊ मात्र स्टिअरिंगवर बोटं वाजवत विचारात. मोहाडी गेली, वरठी आली.

शेवटी आरशातून आमच्याकडे बघत म्हणाले, "पण मले एक सांगा जी. दिवाळीले थो जावई जाते कुठं?"

खरंच, कुठे जात असेल हो?

*

आता रजनीताईंची स्वतःची गंमत. त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला : आज रात्री आकाशातून घातक किरणं येणार, सगळे फोन बंद ठेवा, स्वतः वाचा, दुसऱ्यांना वाचवा! ताईंनी आधी तो पंचवीस जणांना पाठवला आणि मग घरातले सगळे फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवले. तांदळाच्या डब्यात का, ते त्यांनाही माहीत नाही!

सकाळी आम्ही त्यांना घ्यायला दारात उभे, तेवढ्यात आंधळगावहून त्यांचा भाऊ मोटरसायकल उडवत आला. "काहून वो ताई? रातभर फोन लावून राहिलो, एकाचाही लागून नाही राहिला!"

"अरे, किरणं येऊन राहिले होते ना!"

भावाच्या मोठ्या मुलाचं नाव किरण. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "किरण कुठचा वो! किरणची बहीण आली! तू आत्या झाली!"

त्या दिवशी आलुबोंड्यांसोबत पेढेही मिळाले.

*

वाघाचा फोटो तर आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला. रस्त्याच्या कडेला ऐटीत बसलेला पट्टेदार वाघ आणि खाली लिहिलेलं, "आताच शहापूरजवळ दिसला, सावध राहा!" मी घाबरले, कारण माझी नणंद भंडाऱ्याजवळच्या त्याच शहापूरला असते. लगेच फोन केला. ती म्हणाली, "आमच्याकडे तो तुमसरचा म्हणून आलाय. मीच तुला फोन करणार होते!"

मग रजनीताईंना तोच वाघ आंधळगावचा म्हणून आला. धनराजभाऊंना मोहाडीचा. तोच वाघ, तीच पोझ, मागे तेच झाड!

काकांनी चष्मा पुसला, चारही मोबाइल शेजारी शेजारी धरून नीट पाहिले आणि निकाल दिला, "ह्या लेकाचं अपडाऊन तं आपल्यापेक्षा जास्त आहे!"

*

एआय आलं तेव्हा काकांच्या मुलाने त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. काय विचाराल ते सांगतं म्हणे! काकांनी व्हॅनमध्ये स्पीकर ऑन केला, घसा साफ केला आणि आपल्या बोलीत विचारलं, "का गा, का करून राहिलास?"

मोबाइल म्हणाला, "नमस्कार! मी आपली काय मदत करू शकतो?"

काकांनी पटकन मोबाइल छातीशी दाबला आणि आम्हाला दबक्या आवाजात म्हणाले, "पुण्याचा आहे वाटते!"

त्यानंतर आठवडाभर काका त्याच्याशी इतक्या शुद्ध मराठीत बोलत होते की घरी काकू घाबरल्या. "जेवण वाढता का?" ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "काही चुकलं का जी माह्यं?"

*

पण एक किस्सा असा आहे, की तो आठवला की आजही व्हॅनमध्ये आपोआप आवाज खाली येतात.

त्या दिवशी बातमीची पाळी माझी होती. रेल्वे फाटक लागलं होतं, मालगाडी संपता संपत नव्हती, म्हणून मी मोबाइल पुढे करून सगळ्यांना एक रील दाखवलं. गुजरातमधला एक ढाबा. एक माणूस रुमाली रोटी हवेत गरागरा फिरवतोय, व्हिडिओ काढणारा पोरगा हिंदीत "वाह उस्ताद!" करतोय, आणि तेवढ्यात रोटी सुटते ती थेट एका गिऱ्हाइकाच्या टकलावर! रोटी फिरवणारा कपाळाला हात लावून ओरडतो, "अगा माय वो!"

आम्ही खोखो हसलो. "अरे, हा तं आपल्याकडचा!" काका म्हणाले.

धनराजभाऊ हसले नाहीत. "मॅडम, परत लावा."

परत लावलं. फाटक उघडलं. मागून हॉर्नवर हॉर्न सुरू झाले, तरी गाडी हलेना.

"माहा दादा आहे जी हा," धनराजभाऊ म्हणाले. "नामदेव."

धनराजभाऊंना मोठा भाऊ होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. धनराजभाऊ शाळेत होते तेव्हा नामदेवचं वडिलांशी जोराचं भांडण झालं, तो घरातून निघाला तो निघालाच. वडिलांनी शोध घेतला, थकले, पुढे वारले. आई मात्र अजून आंधळगावच्या घरी धनराजभाऊंसोबत.

काकांनी लगेच सूत्रं हाती घेतली. रील टाकणाऱ्या पोराला मेसेज कसा करायचा, काय लिहायचं, सगळं त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी ढाब्याचा नंबर आला. धनराजभाऊंनी गाडी झाडाखाली लावली आणि आमच्यासमोरच फोन केला.

"हॅलो," धनराजभाऊ म्हणाले.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

"हॅलो."

"हॅलो."

किती तरी वेळ दोघंही तेवढंच म्हणत राहिले! रजनीताई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसायला लागल्या. शेवटी पलीकडून विचारणा झाली, "बा आहे का?"

"बा गेला, दादा."

त्यानंतर फक्त ढाब्यावरची भांडी वाजलेली ऐकू येत होती.

संध्याकाळी आम्ही सगळेच आंधळगावला गेलो. आईला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा होता. केवढी घाई आम्हाला! रजनीताईंनी तर वाटेत मिठाईसुद्धा घेतली. पण एक गोष्ट आम्ही विसरलो. मोबाइलवर दिसतं ते सगळं खरं नसतं, आता मशीन माणसंसुद्धा बनवते, हे धनराजभाऊंनी म्हातारीला इतक्या वेळा बजावलं होतं, की तिला ते पाठ झालं होतं.

तिने मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला. पडद्यावर नामदेव रडत होता. "माय, मी नामदेव! माय!"

ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "चांगला बनवला."

"अवो माय, खरंच थोच आहे!" धनराजभाऊ कळवळले.

"आवाज भी बनवते म्हने." तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला. "बंद कर. कायले मले तरास देता?" आणि ती उठून आत गेली. मिठाईचा डबा तसाच राहिला.

फोन अजून चालूच होता. धनराजभाऊ म्हणाले, "दादा, तूच ये आता."

"कोन्या तोंडानं येऊ रे?"

"ह्याच तोंडानं ये! रीलमध्ये तं मस्त दिसून राहिलं!"

रडता रडता दोघं हसले. मग काकांनी फोन घेतला आणि मोठ्या माणसाच्या अधिकाराने सांगितलं, "हे पाहा नामदेव, तिकीट काढायचं. आजच काढायचं."

आणि त्याने काढलं!

रविवार होता. तुमसर रोड स्टेशनवर आम्ही सगळे हजर. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. धनराजभाऊ दर दोन मिनिटांनी गाडी कुठे पोहोचली ते मोबाइलवर बघत होते. म्हातारी बाकावर बसून होती. "ह्याच्या मनासाठी आली मी," ती आम्हाला सांगत होती; पण लुगडं ठेवणीतलं होतं, आणि गाडीची घोषणा झाली तशी सगळ्यांच्या आधी तीच उभी राहिली.

गाडी थांबली. मागच्या डब्यातून पांढऱ्या केसांचा एक माणूस उतरला. पाठोपाठ त्याची बायको आणि फ्रॉकमधली लहान मुलगी. धनराजभाऊ धावले, पण मध्येच थांबले आणि बाजूला झाले. आधी मान आईचा.

नामदेव आला, बॅग खाली ठेवली, तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिने उठवलं नाही. तो आपला आपणच उठून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघतेय, तो तिच्याकडे.

आणि तिने त्याच्या कानाखाली अशी एक सणसणीत ठेवून दिली, की चहावाल्याची केटली हवेतच थांबली! बायकोने घाबरून मुलीला जवळ ओढलं. नामदेव गालावर हात ठेवून उभा.

म्हातारीने आपला तळवा उलटा करून पाहिला. मग आमच्याकडे वळली आणि म्हणाली,

"खरा आहे वो. हाताले लागला."