सांबशिवचे एकशे अठरा खांब

९ जून २००६, शुक्रवार. शेषम्मा कामाला आली नाही. विहिरीवर माकडं. गॅसवाल्याचा फोन, दोन मिनिटं. कुंभकोणमहून भाचीचा फोन, एक तास. इंटरनेट तो पूर्ण तास बंद.

रोजनिशी मी इंग्रजीत लिहिते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी ती सवय लावली आणि एक नियमही घालून दिला: डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं, मनानं ताडलं ते नाही. त्या नियमापायी एकतीस वर्षं निष्कलंक नोकरी केलेला माणूस कसा पकडला गेला, ते सांगते.

सांबशिव आमच्या भागाचा लाइनमन. ओरत्तनाडूचा, आमच्यासारखाच घरी मराठी बोलणारा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि सायकलच्या हँडलला लटकवलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तक्रारींचं रजिस्टर. तक्रार दूर झाली की तो तिच्यापुढे लाल बरोबरची खूण करी. एक्सचेंजपासून आमच्या दारापर्यंत भाताच्या खाचरांतून पाच किलोमीटरची लाइन येते, तिचे एकशे अठरा खांब. प्रत्येकाशी त्याची ओळख. त्र्याहत्तरावा मुंग्यांचा, नव्वदावा वाकडा, एकशे चारवर बगळा बसतो. त्याच्या बायकोचं म्हणणं, मुलांचे वाढदिवस त्याला सांगता येत नाहीत, पण कुठला खांब कुठल्या वादळात पडला ते विचारा.

३० जूनला तो निवृत्त होणार होता. एकतीस वर्षांत त्यानं एकही तक्रार उघडी ठेवली नव्हती. आता एकच उरली होती, आणि ती माझी.

ब्रॉडबँड नातीसाठी घेतलं. अखिला तंजावूरला इंजिनियरिंग शिकते आणि माझ्याकडे राहते. मोडेमवरचा हिरवा दिवा पाहिजे तेव्हा विझे. तरुण इंजिनियर साहेब येऊन सांगून गेले की एवढ्या लांब लाइनवर असंच चालायचं, 'अंतर' असं कारण लिहून तक्रार बंद करा. सांबशिवला ते पटेना.

"अंतर तर रोज तेवढंच आहे, अम्मा," तो म्हणाला. "भाचीच्या फोनला वाढतं आणि गॅसवाल्याच्या फोनला कमी होतं, असं कसं?"

त्यानं घरातली सगळी वायर सोडवून मोडेम थेट दारापाशी जोडला. स्प्लिटर दोनदा बदलला. फोनचा आवाज आणि इंटरनेट एकमेकांत मिसळू न देणारी ती डबी. त्र्याहत्तराव्या खांबावरच्या जॉइंटमधून मूठभर मुंग्या काढल्या, हाताला फोड घेऊन परतला. दिवा विझायचा तो विझेच.

अठ्ठावीस तारखेला तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, तुमची वही वाचून दाखवा. अखिलानं वाचली. वाण्याचा फोन, दिवा चालू. बँकेचा फोन, चालू. भाचीकडून तिच्या हरिताचं लग्न ठरल्याची बातमी, बंद. तेच लग्न मोडल्याची बातमी, बंद, दीड तास.

सांबशिवनं कॉफीचा टंबलर खाली ठेवला. "वायरला गप्पांतली गोडी कळत नाही. या लाइनवर आणखी एक फोन आहे. तो स्प्लिटरशिवाय आहे आणि कुणीतरी तो उचलतंय."

मी उठले आणि १९८८ची वही काढली. सात वर्षं वाट पाहून फोन आला, ते हे वर्ष. यांनी सांबशिवकडून गुपचूप एक वायर कौलांखालून, विहिरीवरून, मागच्या घरी नेली होती. मागच्या घरी माझ्या थोरल्या जाऊबाई, ताराबाई. दोन घंटा एकदम वाजू नयेत म्हणून त्यांच्या फोनची घंटा काढून टाकली. इकडची घंटा तिकडे ऐकू येतेच, माझं बोलणंही.

१९९५ साली मी इलेक्ट्रिक ग्राइंडर घेतला आणि सासूबाईंचा दगडी रगडा न विचारता पाथरवटाला देऊन टाकला. ताराबाईंनी बोलणं टाकलं. अकरा वर्षं आम्ही एकाच विहिरीचं पाणी काढलं, आळीपाळीनं, एकमेकींकडे न पाहता. तेव्हाच मी यांना सांगितलं होतं की ती वायर तोडा.

सांबशिव ताठ झाला. ती वायर त्यानं तोडली होती, रजिस्टरात खूण आहे. सायकल हाणत तो घरी गेला आणि ट्रंकेतलं जुनं रजिस्टर घेऊन आला. खरंच, लाल खूण होती.

मग मी माझी १९९५ची वही काढून वाचली: "सांबशिव वायर तोडतो म्हणाला. मागच्या घरी गेला. चाळीस मिनिटांनी तोंड पुसत बाहेर आला."

अखिलानं ओढणीत तोंड लपवलं.

"काय खाल्लं होतंस?" मी विचारलं.

त्यानं रजिस्टर मिटलं. "अडै," तो म्हणाला. आमच्याकडचं डाळ-तांदळाचं जाड धिरडं. "गूळ आणि लोणी. त्या म्हणाल्या, दिरानं हौसेनं दिलेली आहे, राहू दे, मी काही उचलत नाही. पुढच्या महिन्यात तोडू म्हणून आधीच खूण केली, आणि विसरलो."

एवढं थोराड हाडांचं माणूस ओट्यावर अंग चोरून बसलं. पण पुरावा हवा, असं तोच म्हणाला. अखिला मोबाइल घेऊन गच्चीवर गेली आणि तिनं आमच्या घरच्या नंबरावर फोन लावला. मी उचलला आणि भाचीला म्हणते तसं 'काय गं?' म्हटलं. सांबशिव मोडेमसमोर उकिडवा बसला.

"मावशी," अखिला भाचीचा आवाज काढून म्हणाली, "आपली हरिता घर सोडून गेली. नाटकातल्या एका नटाबरोबर."

दिवा विझला. सांबशिवनं पंचासारखं बोट वर केलं.

"कुणाबरोबर?" मी विचारलं. अखिलाला इतकं हसू फुटलं की उत्तर येईना. मलाही येत होतं, मी पदर दातांत धरला. लाइनवर नुसती खरखर. आणि मग तिसरा आवाज आला, अगदी काकुळतीचा:

"अगं, नाव तर सांग त्याचं."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी जमिनीवर बसले, रिसीव्हर हातात तसाच. पोट दुखेपर्यंत हसले.

"अक्का," मी कसंबसं म्हणाले, "कधीपासून ऐकताय?"

"पंच्याण्णवपासून. मध्ये आठ दिवस पापनाशमला मुलीकडे होते, तेवढे सोड." मग म्हणाल्या, "तुझा ताप उतरला का, ते कुणाला विचारणार होते मी?"

तापात मागच्या दारी पेजेचं भांडं कसं येई, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी शेषम्माला चहाडखोर समजत होते.

"वायर तोडू का?" सांबशिवनं विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

मी म्हटलं, तोडायची नाही. त्यानं खिशातून उरलेला स्प्लिटर काढला, मागच्या घरी गेला आणि ताराबाईंच्या फोनला बसवला. या वेळी सतरा मिनिटं लागली. तोंड पुसतच आला, पण दिवा लागला तो लागलाच. ताराबाईंनी मुद्दाम फोन उचलून ठेवला तरी विझला नाही. एक्स्टेन्शन रीतसर करण्याचा अर्ज त्यानं लिहिला, मी सही केली.

मग त्यानं जुन्या रजिस्टरातली लाल खूण खोडली आणि शेजारी लिहिलं, 'तोडली नव्हती.' नव्या रजिस्टरात माझ्या तक्रारीपुढे खूण करण्याआधी त्यानं मला आणि अखिलाला दिवा बघायला लावला, दोनदा.

"आता बरोबर?" त्यानं मला विचारलं.

"डोळ्यांनी पाहिलं," मी म्हटलं.

संध्याकाळी वहीत लिहिलं: मागच्या घरून डांगर पचडी आली, उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली, अक्का स्वतः घेऊन आल्या. मीठ जरा जास्त. वाटी धुऊन ठेवली आहे.